खुराड्याची कडी

ता. चौदा, मंगळवार, दुपार

चि. ठकीस,

आजीचे आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे पापे. मी बरी आहे. गुडघाही आहे तिथंच आहे. अक्षर वाकडं येईल ते चालवून घे, चौथीत सुटलेली शाळा काही परत धरता आली नाही.

तू खुराड्यासमोरच्या झाडाला बांधून गेलीस तो कॅमेरा म्हणजे म्हातारपणी मला सिनेमाच लागला बघ. दर दोन दिवसांनी त्यातलं नखाएवढं कार्ड काढते आणि शेजारच्या शिवणवालीकडे नेते. ती मशीन थांबवून कार्ड फोनला जोडते, मग आम्ही दोघी बघत बसतो. पहिल्या दिवशी काय, तर माझीच पाठ, बावीस वेळा. मग साळिंदर. एवढं काटेरी ध्यान, पण चालतं कसं, नवरीसारखं ठुमकत. मग तो एककानी बोका, ज्याच्यावर मी कोंबड्यांचा आळ घेतला होता. तो बिचारा नुसता छपरावर झोपायला येतो. शिवणवाली म्हणाली, "आजी, माफी मागा त्याची." म्हटलं, "मागते. आधी त्यानं माझ्या दुधाची मागावी."

चोर निघाला कोल्हा. आपली तुरेवाली तोंडात धरून जाताना दिसला मेला. गेलेल्या पाचही कोंबड्या त्यानंच नेल्या. पण ठके, तो आला तेव्हा दार सताड उघडं होतं.

तुझ्या बापाचं फोनवर एकच पालुपद, "आई, तू कडी लावायला विसरतेस. कोंबड्या विक आणि इकडे ये." तुमच्या चौथ्या मजल्यावर येऊन मी काय करू, गॅलरीत कावळे राखू? आणि कडी मी विसरत नाही. या घरात वाटणीच तशी होती. संध्याकाळी कडी लावायची मी, पहाटे उघडायची माझ्या जावेनं, तुझ्या धाकट्या आजीनं. एकेचाळीस वर्षं मी तिच्या कामात हात घातला नाही, तिनं माझ्या. आता ती जाऊन वर्ष झालं. उन्हं आल्यावर मीच उघडायला जाते, तर कधीकधी दार आधीच उघडं असतं.

कोल्ह्याच्या आधीचा फोटो सांगते. खाली वेळ येते, तीन चाळीस. खुराड्यापुढे एक बाई ओणवी. तोंड दिसत नाही. अंगात जावेचं स्वेटर, कोपराला ठिगळवालं. पुढच्या फोटोत कडी काढलेली. त्याच्या पुढच्यात ती निघून चाललेली.

शिवणवालीनं फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाली, "आजी, हे ठिगळ मी लावलेलं."

"हो, तिचंच ते."

"पण त्या तर..."

"गेली म्हणून काय कोंबड्या कोंडून ठेवील?"

खरं सांगू, मला भीती नाही वाटली. आनंद झाला. चार दिवस मी हवेत होते. संध्याकाळी कडी लावताना मोठ्यानं सांगायचे, "बाई गं, जरा उजाडल्यावर ये, कोल्हा टपलाय." जिवंतपणी तिनं माझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार. आणखी एक कोंबडी गेली.

काल सकाळी जाग आली तर ते स्वेटर माझ्याच अंगात. मी ते ट्रंकेत अगदी तळाला ठेवलं होतं. बाहीला भुसा आणि एक पीस. तळपायांना चिखल. रात्रीचं मला काहीसुद्धा आठवत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती तुला लिहिते. ती गेली त्या दिवशी कोंबड्या कोंडलेल्या ओरडत होत्या, ऊन खिडकीत आलं तरी. मी जागी होते. उठून उघडायला कितीशी पावलं? पण काम तिचं. म्हणून पडल्यापडल्या आमच्या खोल्यांमधल्या भिंतीवर मूठ आपटली आणि ओरडले, "महाराणी, आज झोपाच काढायच्यात का?" दोनदा ओरडले. पलीकडून काही नाही, तर रुसून कूस बदलली. नंतर डॉक्टर म्हणाले, बराच वेळ तगमग झाली असणार. किती वेळ, ते मी विचारलं नाही. तुझ्या बापाला सांगितलं, मला गाढ झोप लागली होती.

आजपासून खुराड्याला कुलूप आहे, किल्ली शिवणवालीकडे. ती म्हणत होती, "आजी, ते तीन फोटो पुसून टाकते, कुणाला कळणार नाही." मी नको म्हटलं. कार्ड पत्रात घातलंय. बापाला दाखव, आणि वर लिहिलंय तेही वाचून दाखव. मग न्यायचं तर न्या मला, भांडणार नाही.

एवढंच कर. तुमच्याकडे मी रात्री उठून दाराशी गेले, तर मला उठवू नकोस, हाकही मारू नकोस. मला उघडू दे. मी परत अंथरुणावर गेले की मागून तू कडी लाव.

उशिरा उठलेली,
तुझी आजी