उजव्या गालावरचा तीळ

ती. मावशी,

भाचीचा वाकून नमस्कार. (भाचा कुठे गेला म्हणून शोधू नकोस, तीच मी.) गुडघे काय म्हणतात? तुला जिना चढायला बंदी आणि मी महिनाभर बांबूच्या परांचीवर!

झालं असं, की बसथांब्यासमोरची दवाखान्याची भिंत आम्हाला रंगवायला मिळाली. आम्ही सात जण, सगळे ट्रान्स; म्हणजे जन्मल्या जन्मल्या मुलगा की मुलगी हे ठरवताना लोकांनी ज्यांच्या बाबतीत जरा घाईच केली, असे. लोक एकतर आमच्याकडे टक लावून बघतात, नाहीतर बघतच नाहीत. म्हटलं, आपलेच चेहरे दोन पुरुष उंच (माप जुनंच आहे, काय करणार) काढू. बसची वाट बघता बघता सवय होईल. पहिल्याच दिवशी एक पेन्शनर आजोबा भांडायला आले, ते आमच्यातल्या शिंप्याचं नाक वाकडं आलंय यावर घसरले. आता रोज घरून खुर्ची घेऊन येतात. मुद्दा त्यांना अजून पटलेला नाही, नाक पटलंय.

माझा चेहरा शेवटी. बाकीच्यांनी फोटो दिले. माझे सगळे आईच्या कपाटात, आणि मी घर सोडल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही हे तुला माहीतच आहे. म्हणून आरसा टांगून काढला. आरशात डाव्याचं उजवं होतं हे शेंबडं पोरही जाणतं, तुझी हुशार भाची विसरली. माझा डाव्या गालावरचा तीळ भिंतीवर उजव्या गालावर जाऊन बसला. आमच्यातली नर्स खालून ओरडली, "अगं, आयुष्यभर लोकांनी आपल्याला चुकीचं रंगवलं, आता आपणच सुरू करायचं का?" मी ब्रश घेऊन पुसायला गेले आणि हात थांबला. भिंतीवर आई होती. चार वर्षांत तिने माझ्याकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं. मी परांचीवरच बसून रडले. आजोबांनी विचारलं, रंग डोळ्यात गेला का? हो म्हटलं.

बाकी सगळं छान. मला कुणाची आठवण वगैरे येत नाही. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. काकांच्या नमस्काराआधीची ओळ खोडायची राहिली.

आणखी एक ता. क. आईचा तीळ उजव्याच गालावर ना गं? शपथेवर सांगता येईना, म्हणून स्वतःचाच राग येतोय. रविवारी परांची उतरणार, त्याआधी तीळ ठेवायचा की पुसायचा ते ठरवायचंय. उत्तर पत्राने कळवू नकोस, तिलाच घेऊन ये. बोलली नाही तरी चालेल. थांब्यावर नुसती उभी राहू दे, मी वरून बघून घेईन.