एकही विसंगती नाही

४ जून
जाळं पुन्हा नापास! रुग्णालयाच्या जुन्या डेटाबेसमधून आम्ही नात्यांचं जाळं, म्हणजे ऑन्टॉलॉजी, बांधतोय – कोण रुग्ण, कोण दाता, कोण कुणाचं कोण. मग त्यावर तपासनीस प्रोग्रॅम सोडायचा. एक नोंद जरी दुसरीला खोटं पाडत असली, की तो सगळंच नाकारतो. एक नासका आंबा अढी नासवतो, तसलं काम. संजीवसर म्हणाले, सोमवारी ते थेट चालू व्हायला हवं.

५ जून
कारण सापडलं. काही बायकांचा मूत्रपिंडदाता एका तक्त्यात ‘पती’, दुसऱ्यात ‘मामा’. माणूस तोच! मी नियम घातलाय – मामा तो पती नव्हे. हे काय सांगायला हवं? आमच्या सांगलीकडे मामाची पोरगी करतात, मामा नाही. मामा लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहतो, अंतरपाटापलीकडे नव्हे. नोंदी भरणाऱ्याने डुलकी काढली असणार.

६ जून
ठरलं. रक्ताचं नातं जन्मापासूनचं, म्हणून ‘मामा’ ठेवला, ‘पती’ पुसला. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक, त्यामुळे जिवाला घोर नाही. तपासनीस म्हणाला – एकही विसंगती नाही! सरांनी कॉफी पाजली. शेजारच्या टेबलावरची सहाना रजेवर आहे, नाहीतर तिला दाखवलं असतं.

९ जून
घरमालकीण अलमेलूअक्का, इथल्या दक्षिणेतल्या जुन्या मराठी घरातल्या, जिना चढून माझ्यासाठी ताक घेऊन आल्या. आम्ही ज्याचं काम करतोय त्याच रुग्णालयात आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तरी हौस बघा. या महिन्याअखेरीस शस्त्रक्रिया. त्यांचे यजमान अनंतकृष्णकाका आपलं मूत्रपिंड देणार आहेत. खालून काकांनी हाक मारली, तर अक्का म्हणाल्या, “आले, मामा.”
नवऱ्याला मामा! इकडची लकब असेल.

२४ जून
अक्कांची तारीख पुढे गेली. नवरा देणार असला तर सरळ परवानगी मिळते, लांबचं नातं असलं तर प्रकरण प्रत्यारोपणाच्या समितीपुढे जातं. यांचं म्हणे समितीपुढे गेलंय. काका लग्नाचा फोटो शोधतायत. सरकारी खाक्या! मी म्हटलं, होईल सगळं.

२५ जून
सहाना आली. तिला गंमत म्हणून त्या नोंदींचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, माझी मावशी मामाशीच लग्न करून सुखाने नांदतेय, इकडे पुष्कळ घरांत करतात, त्यात चूक कुठली?
मी पर्स घेऊन उठले. “आले, मामा.”
घरी जाऊन अक्कांना विचारलं. काका त्यांच्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. “लहानपणापासून मामा म्हंटलं. कल्याण झालं म्हणून कसं बदलूं?” कल्याण म्हणजे लग्न. हसतही होत्या. पायांवर सूज होती.

२६ जून
मी ‘पती’ पुसला, उरला नुसता मामा, आणि मामा कायद्याला लांबचा. नियम काढला, पुसलेलं सगळं परत घातलं. सर चिडले. रुग्णालयाला कळवलं. पण समितीकडे गेलेली फाइल आपोआप मागे येत नाही म्हणे, तिथूनच निकाल लागायचा.
काकांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, की मामा नवरा नसतो हे मशीनला कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी.
लाज वाटते. भयंकर लाज वाटते.

११ जुलै
तपासणी पुन्हा चालवली. एकही विसंगती नाही. अक्कांना संसर्ग झालाय, ताप उतरत नाही. समितीची बैठक सोमवारी.

१४ जुलै
अक्का गेल्या.
त्यांना घरी नेण्याआधी सही करायच्या कागदावर ‘नातं’ असा रकाना होता. काकांनी पेन माझ्यापुढे धरलं.
“तूच सांग, बाई. काय लिहूं?”