लाकडं आणायला गेलो नव्हतो

शेलूबाजार,
बुधवार, २ एप्रिल २०२५

प्रिय सरिता,
सप्रेम जय भीम.

मी आणि आई बरे आहोत. तुझे बाबा आणि वहिनी मजेत असतील. आपली हळद वाळून झाली. संबोधीच्या तळहाताला नवी कातडी आली का? खाजवू देऊ नको तिला.

माझं अक्षर पाहून हसशील. दहावीनंतर एवढं लिहिलंच नाही. फोन केला असता, पण फोनवर मला खोटं पटकन सुचतं.

मोठा मोबाईल मी बंद करून आईच्या लोखंडी पेटीत टाकलाय. किल्ली तिच्याकडे. जवळ बटणाचा साधा फोन आहे. आज एकोणिसावा दिवस. पहिला आठवडा फार वाईट गेला, नसलेली रिंग कानात वाजायची, हात सारखा खिशाकडे जायचा. शेवटी आईला म्हटलं, शर्टाचे खिसे शिवून टाक. ती म्हणाली, "काहून रे? लोकं हासतीन ना तुले!" म्हटलं, हसू दे. शेजारचा फुलसिंग रोज हसतो. मी तेच शर्ट घालून फिरतो आणि फिरणार.

तू म्हणशील, यात कौतुक कसलं? बरोबर आहे. सांगायचं ते राहूनच चाललंय.

संबोधीचा हात भाजला त्या दिवशी तू बचत गटाच्या बैठकीला गेली होतीस. आल्यावर मी तुला सांगितलं, पोरीला आईजवळ ठेवून लाकडं आणायला गेलो होतो. मी कुठेच गेलो नव्हतो. हळद शिजवायच्या कढईजवळ बसून एकामागून एक व्हिडिओ पाहत होतो. संबोधी माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. तीनदा "बाबा" म्हणाली. मी तीनदा "हूं" म्हणालो. मग तिने कढईतून नुकत्याच उपसलेल्या, वाफाळत्या हळदीच्या टोपल्यात हात घातला. आई तेव्हा घरात भाकरी थापत होती.

तू सगळ्यांदेखत आईला नको नको ते बोललीस आणि पोरीला घेऊन माहेरी केनवडला गेलीस. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. भेकड आहे मी.

काल आईजवळ कबूल केलं. ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. मी धावत आली तं मोबाईल तुह्या हातातच होता."

"मंग बोलली काहून नाही?"

"सरिता माह्यावर रागावली तं कधीतरी येईन वापस. तुह्यावर रागावली असती तं आली नसती."

सरिता, अशा खोट्याच्या भरवशावर तू परत यावंस, असं मला नको आहे. हे पत्र तुझ्या बाबांना आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखव. रविवारी मी केनवडला येतो. जे लिहिलंय तेच त्यांच्यासमोर तोंडाने बोलेन. नंतर तू यायचं की नाही, ते तूच ठरव. मी आग्रह करणार नाही.

पण आज आईला फोन कर. महिना झाला, ती तुझा राग सोसतेय आणि माझं खोटंही.

तिचा आणि तुमचा दोघींचा अपराधी,
संघदीप