कुमुदची नोकरी

२ डिसेंबर १९९८
कुमुद आज पुन्हा ऑफिसला गेली. द्वारका चौकात बस बदलली. इंग्लंडच्या एका उर्मट व्यापाऱ्याला चार ओळींत गप्प केलं. आणि मी? उपेंद्रांना दुसऱ्यांदा चहा. पहिला गार झाला म्हणे. पेपर वाचत बसून गार कुणी केला!

कुमुद म्हणजे लग्नाआधीची मी. कुमुद शौचे. लग्न लागलं आणि मालिनी गायधनी झाले. महिनाभर मी तिला या वहीत जगवतेय. लग्नाला नाही म्हणाली असती, तर बावन्नाव्या वर्षी ती काय करत असती? शिक्षिका करून पाहिली – कंटाळली. बँकेत बसवली – साहेबांशी भांडली. इंग्रजी पत्रव्यवहारात मात्र रमली.

९ डिसेंबर
जाहिरात आलीय! पिंपळगाव बसवंत, द्राक्षांची निर्यात, इंग्रजी पत्रव्यवहारासाठी बाई हवी. वयाची अट नाही.

अर्ज कुमुदनेच केला. शाळेचा दाखला तिच्याच नावावर आहे. ‘अविवाहित’ असंही लिहून टाकलं. पत्ता घरचा. केअर ऑफ उपेंद्र गायधनी लिहायला हवं होतं, नाही लिहिलं. तिच्या नावाला कुणाचा टेकू नको.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर आग्नेस आठवल्या. पत्र आवडलं की समासात पेन्सिलीने छोटंसं फूल काढायच्या. किती वर्षांत कुणी माझं काही वाचलंच नाही.

२१ डिसेंबर
उत्तर नाही.

२९ डिसेंबर
सहादू पोस्टमन कोपऱ्यावर भेटला. काकू, तुमच्या पत्त्यावर कुणा शौचे बाईंचं रजिस्टर आलं होतं, काकांनी परत पाठवलं, म्हणाला.

मी त्या दिवशी बाजारात होते!

घरी येऊन विचारलं. उपेंद्र शांतपणे म्हणाले, “आपल्याकडे कोण कुमुद? चुकून आलं असेल.”

एकतीस वर्षं! ताटातल्या तांदळात अंगठीने ‘मालिनी’ लिहिलं ते यांनीच. कोणतं नाव पुसून लिहिलं, ते ध्यानातही नाही. मुद्दाम केलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. हे विसरले! आणि मग हसले – अगं हो की, तू कुमुद होतीस, नाही का!

होतीस.

मी जेवले नाही. यांनी व्यवस्थित जेवून, भातावर तूप मागून घेतलं.

६ जानेवारी १९९९
एसटीने एकटी पिंपळगावला गेले. मालक पुंजाराम शेठ. पत्र परत आल्यावर त्यांना वाटलं, बाईंना दुसरीकडे काम मिळालं. गेल्या सीझनच्या मालाची एक तक्रार समोर ठेवली – पेटीत द्राक्षांचे मणी गळाले म्हणून पैसे कापतो म्हणणारा हॉलंडचा माणूस. तिथेच उत्तर लिहिलं. त्यांची मुलगी दीपमाला कॉलेजात शिकते. तिने ते वाचलं आणि म्हणाली, अण्णा, ह्या बाईंना सोडू नका.

शेठ खूश. म्हणाले, “फेब्रुवारी ते एप्रिल इथंच राहावं लागंल. तिकडचा फोन कवाबी येतो. तुमचं लग्न नाय, ते लय बरं. आधीची बाई नवऱ्यापायी गेली.”

मी मान डोलावली. मान! परतीच्या गाडीत स्वतःचाच इतका राग आला. इतरांनी मला पुसलं म्हणून थयथयाट करते, आणि मी काय केलं? यांना पुसलं, घर पुसलं, एकतीस वर्षं पुसली.

१० जानेवारी
उपेंद्रांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी माझ्याबद्दल बोलतील.

“तीन महिने? मग मी जेवायचं कुठे?”

ताटलीच आपटली मी. स्टीलची. फुटलीही नाही मेली!

११ जानेवारी
पुंजाराम शेठना फोन केला. खोटं लिहिलं होतं म्हटलं. लग्न झालंय, नाव मालिनी गायधनी, घरी नवरा आहे. कामावर ठेवायचं नसेल तर तसं सांगा.

शेठ म्हणाले, “म्हंजे कुमुदबाई येणार नाय?”

“ती नाही. मी येतेय.”