दोरे कापलेला पुरावा

ता. ६ जून

चि. भाचीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नवा पुरावा कायदा समजावण्यासाठी तू पानेच्या पाने खर्ची घातलीस. मी चौथी पास असूनही मला तो दोन ओळींत समजला. माणूस शपथ घेऊन खोटे बोलतो, म्हणून सरकारने आता फोनला साक्षीला बोलावले आहे. फोनला ना लाज, ना आईबाप. एवढे शहाणपण सुचायला किती पदवीधर लागले असतील, देव जाणे.

ज्या गाळामालकाच्या लग्नाचा कोट मी शिवला, तोच आता मला दुकानातून काढायला निघाला आहे. तुम्ही आहात तोवर गाळा तुमचाच, असे तो स्वतःच्या तोंडाने मला बोलला होता. सुदैवाने त्या वेळी तुझ्या मामीचा फोन कापणीच्या टेबलावर चुकून चालू राहिला होता. ते रेकॉर्डिंग तू कोर्टात दिलेस, समोरच्या वकिलाने शंका काढली, आणि तू मलाच विचारतेस की मी त्यात काही केले का.

केले. तयार कपड्याचे दोरे कापल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, ही माझी शिस्त आहे. मग कोर्टाला काय लोंबते दोरे द्यायचे? कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून खोकला, मशीनची खडखड आणि काही फालतू बोलणे छाटून घेतले. याला नीटनेटकेपणा म्हणतात. तुमच्या कायद्यात त्याला शब्द नसेल, तर तो कायद्याचा दोष.

मामीची प्रकृती ठीक. लोभाची शिवण उसवू देऊ नकोस.

तुझा मामा

ता. ११ जून

ती. मामांस, सा. न. वि. वि.

मामा, रागवा, पण पूर्ण वाचून झाल्यावर रागवा. नव्या कायद्यात फोनमधलं रेकॉर्डिंग कागदाच्या बरोबरीने उभं राहतं, पण ते अख्खं हवं. प्रत्येक रेकॉर्डिंगला अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा असतो; एक खोकला काढला तरी तो बदलतो. आता समोरचे म्हणतात की वाक्य इकडून तिकडून जोडलंय. हा पुरावा टिकला नाही, तर दुकान गेलं.

मूळ रेकॉर्डिंग मामीच्या फोनमध्ये शाबूत आहे. मी ऐकलं. आधी तुमची विनवणी आहे, मग स्टूल सरकतं, मग गाळामालक गडबडून म्हणतो की मास्तर, उठा, पाय नका धरू, तुम्ही आहात तोवर गाळा तुमचाच. शेवटचं वाक्य ठेवून बाकीचं तुम्ही फालतू म्हणून छाटलंत.

आणखी एक. फोन मामीचा, म्हणून रेकॉर्डिंग खरं असल्याच्या दाखल्यावर सही तिचीच लागते. तिने ते त्याच संध्याकाळी ऐकलं होतं. फोन चुकून चालू नव्हता. माणूस शब्द फिरवणारा, म्हणून तिनेच तो मुद्दाम ठेवला होता. तुम्हाला हे कळू देऊ नकोस, असं तिने मला बजावलं होतं. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी हे कोर्टात ऐकवणार नाही.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भाची

ता. १५ जून

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

अख्खे ऐकव. खोकलाही ऐकव. ज्या कायद्याला कपड्याची सुलट बाजू पुरत नाही, आतले दोरे उचकटून पाहिल्याशिवाय ज्याची खात्री पटत नाही, त्याच्याशी हुज्जत घालणे मला शोभत नाही. सुनावणीला मी स्वतः शिवलेला कोट घालून येईन. गाळामालकाकडे पाहणार नाही. त्याच्या रेडिमेड शर्टाच्या वाकड्या कॉलरकडे पाहीन.

दाखल्यावर तुझ्या मामीने आज सही केली. चष्मा मीच आणून दिला. शाई वाळेपर्यंत मी कागदावर फुंकर घातली. मग मी तिच्या कानावर घातले की स्टूल सरकले, तेव्हा मी खाली पडलेली सुई शोधायला वाकलो होतो. तिने कागदाची घडी घातली आणि विचारले की सापडली का. सापडली, असे मी सांगितले.

तूही तसेच समजावे, आणि माया कमी करू नये.

तुझा मामा