दोन्चेवाबाई शनिवारी सोफियाला येताहेत

प्रिय झोरा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझे बाबा डॅन्यूबवर गळ टाकून बसलेत आणि मासा सोडून बाकी सगळं त्यांच्या गळाला लागतंय. मी दुकानातच बसून लिहितेय. त्रायांका डोक्याला रंग फासून बसली आहे, तो मुरायला वेळ आहे, आणि मी काय लिहितेय ते बघायला तिची मान इतकी लांब झालीय की रंग माझ्या भिंतीला लागेल. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू "आई, नंतर करते" म्हणतेस आणि ते नंतर काही उजाडत नाही. कागद तसा मध्येच बंद करता येत नाही. निदान तुला तरी नाही. तू औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी.

आधी माझं भांडण ऐकून घे, ते पोटात ठेवून मला पुढचं लिहिता यायचं नाही. तू मास्टर्सला माहिती व्यवस्थापन आणि ग्रंथालयशास्त्र घेतलंस, हे मला कुणाकडून कळावं? या त्रायांकाकडून. औषधांच्या दुकानातून तशीच पांढऱ्या कोटात धावत आली आणि दारातूनच ओरडली, "वेर्गिनिया, अभिनंदन! झोरा ग्रंथपालकी शिकणार म्हणे! वाचनालयातल्या दोन्चेवाबाई चीजच्या रांगेत सगळ्यांना सांगत होत्या, चेहरा कसा फुलला होता, जशी काही त्यांचीच पोर!" माझ्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली शाळेतल्या एका शिक्षकाची मान. त्या मानेचं नशीब बलवत्तर. मी म्हटलं, "हो, मला माहितीये की." आणि आत जाऊन धुतलेले टॉवेल पुन्हा धुतले. नंतर तू फोन केलास तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, ओरडले. तुला वाटलं मी विषयावर चिडले. विषयाचं मेलं मला काय पडलंय! आधी तिला सांगितलंस, मग मला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्यानं.

मला पहिल्यापासून एकच हवं होतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि चौकातल्या कबुतरांनाही. तू परत यावंस. सोफियात हिशेबाची पदवी घेतलीस तेव्हा मी इथे बंदराच्या कचेरीत शब्द टाकून ठेवला होता. खिडकीजवळची जागा, नदी दिसणारी. तू आली नाहीस. तिथेच कुठल्याशा कंपनीत बिलं लिहीत राहिलीस. दर सुट्टीत मी विचारायचे आणि दर सुट्टीत तू हसून, माझ्या गळ्यात पडून "नाही गं आई" म्हणायचीस. मी म्हणायची, पोर मोठ्या शहराला भुलली, चालायचंच. शहरावर काय जळायचं? शहराला तोंड नसतं, डोळे नसतात, चीजच्या रांगेत उभं राहून ते फुशारक्या मारत नाही.

पण त्या बाईत आहे तरी काय, सांग ना मला एकदा! तिचं वाचनालय चौकाच्या त्या बाजूला, माझं दुकान या बाजूला. तू शाळेत जायला लागल्यापासून दुपारी मी दोन-दोन डोकी एकदम करत असायची, आणि तू दप्तर टाकून पळायचीस ती तिकडे. संध्याकाळी यायचीस ती "दोन्चेवाबाई म्हणाल्या" याच शब्दांनी. दोन्चेवाबाई म्हणाल्या, दात असे घासावेत. दोन्चेवाबाई म्हणाल्या, चंद्रावर पाणी आहे. मी सांगितलेलं तुझ्या एका कानातून दुसऱ्या कानात जायलासुद्धा थांबत नसे. चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, तुझ्यासाठी मी अंगणातली सगळी बोझूरची फुलं कापली होती, गुलाबी, एकेक बशीएवढं. तुझ्या वर्गशिक्षिकेला द्यायचे म्हणून. मिरवणुकीत तू वर्गशिक्षिकेच्या पुढून सरळ चालत गेलीस आणि ते फुलांचं ओझं त्या बाईच्या हातात दिलंस. वर्गशिक्षिका माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे. आणि ती बाई! बोझूरात नाक खुपसून रडत होती. स्वतःला पोर नाही म्हणून दुसऱ्याची पोर अशी पळवायची असते का?

आणि तिचे केस, झोरा. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं स्वतः कापते ती. समोरासमोर असून एवढ्या वर्षांत माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. एका बाजूनं कान दिसतो, दुसऱ्या बाजूनं दिसत नाही. रोज काचेतून मला ते डोकं बघावं लागतं, माझ्या धंद्याचा तो अपमानच आहे.

बरं, पुस्तकांची कार्डं ओळीनं लावायला तू तिच्याकडे शिकलीस, असं ती सांगत असते. खोटं! माझ्याकडे शिकलीस. कुठल्या बाईला कुठला रंग, किती वेळ ठेवायचा, कुणाच्या टाळूला खाज सुटते, ही माझी कार्डं बुटाच्या खोक्यात कोंबलेली असायची. तुला कांजिण्या आल्या होत्या आणि मी तुला मागच्या खोलीत निजवलं होतं, तेव्हा तू ती सगळी खाली ओतलीस आणि लावून काढलीस. आधी नावावरून, मग म्हणालीस, नको, रंगावरून, कारण आई नाव विसरते पण केस विसरत नाही. अजून तशीच लावते मी. आता बोल, पहिली ग्रंथपालकी कुणाच्या दुकानात झाली? हे तुझ्या प्राध्यापकांना सांग. सांगणार नाहीस, माहितीये.

आता परवाचं. दुपारी दुकान रिकामं होतं, मी कॉफी ओतत होते, आणि दारात दोन्चेवाबाई. हातात पर्स अशी धरलेली, जशी काही दंतवैद्याकडे आली आहे. म्हणाली, "वेर्गिनिया, माझं डोकं जरा माणसात आणून द्याल का? शनिवारी सोफियाला जायचंय. झोराकडे." झोराकडे! मी अजून तुझी नवी खोली पाहिली नाही. ती विचारते, "तुमचा काही निरोप?" मी तिला खुर्चीत बसवलं, मान मागे वाकवली आणि पाणी जरा कडकच सोडलं, खोटं कशाला सांगू. बाईनं हूं की चूं केलं नाही. डोळे मिटून घेतले आणि बोलायला लागली. माझ्या खुर्चीत मान मागे गेली की बायका बोलतातच.

ती निवृत्त होतेय. नगरपालिकेनं तिच्या जागी उपनगराध्यक्षाची भाची ठरवलीय. "ती पोरगी पुस्तकं पाठीच्या रंगावरून लावेल हो," असं म्हणाली. मला माझी रंगावरून लावलेली कार्डं आठवली, आणि मी तिच्या डोक्यावर आणखी साबण ओतला. वाचनालयाच्या मंडळाकडून तिनं शब्द मिळवलाय की झोरा येणार असेल तर जागा झोराची. पण आत्ता यायला हवं, दोन वर्षांनी नाही. म्हणून तुझा पुढच्या आठवड्यात प्रवेश पक्का व्हायच्या आत ती तुला गाठणार आहे. "पदवी काय, बाहेरून परीक्षा देऊन नंतरही घेता येते," म्हणाली. "खुर्ची एकदा गेली की गेली. आणि तुम्हालाही बरंच की, पोर डोळ्यासमोर राहील."

झोरा, माझे हात तिच्या डोक्यावर तसेच थांबले. मला इतका आनंद झाला की मी त्या बाईचा मुका घेणार होते, फेसासकट. काचेतून समोर बघितलं. तू त्या खिडकीत बसलेली, मी दुपारी चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन चौक ओलांडतेय, त्रायांका जळतेय, असं सगळं दिसलं मला. जे मी इतकी वर्षं मागत होते ते ही बाई साबणाच्या फेसात माझ्या हातात आणून देत होती. आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. मी सांगितल्यावर ती नाही म्हणायची नाही."

सहज म्हणाली गं. फुशारकी नव्हती त्यात. म्हणूनच लागलं मला. कारण खरं आहे ते. मी घसा कोरडा करून विचारलं आणि तू आली नाहीस. ती एकदा विचारेल आणि तू बॅग भरशील. मी तिचे केस पुसले, कंगवा घेतला आणि कापायला लागले. हाताला काहीतरी काम हवंच होतं.

कापता कापता मला ऑगस्ट आठवला, त्या फोननंतर तू सुट्टीला आलीस तो. गच्चीवर आपण मिरच्या भाजत होतो आणि तू त्या अभ्यासक्रमाबद्दल सांगत होतीस. एका गावातला रुग्ण दुसऱ्या गावच्या इस्पितळात गेला तर त्याचे जुने कागद डॉक्टरांना का सापडत नाहीत. पुराचं पाणी बंदरात शिरलं त्या वर्षी पाणी कुठवर चढतं त्याचे जुने नकाशे कुठल्यातरी कपाटात होते आणि कुठल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "माहिती असते गं आई, पण ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचत नाही. ती पोचवायची कशी, तेच शिकायचंय मला," असं म्हणालीस. अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. पण मिरचीचा रस तुझ्या कोपरापर्यंत ओघळत होता आणि तुला पत्ता नव्हता. हिशेबाबद्दल बोलताना असे हात हललेले मी कधी पाहिले नाहीत. वाचनालयाबद्दल बोलतानासुद्धा नाहीत, खरं सांगायचं तर. दोन्चेवाबाईंकडून तू पुस्तकं घेतलीस, पण हे तिचं नाही. मी तिला हळूच विचारलं, "झोरा इथे करेल काय?" म्हणाली, "जे मी केलं तेच." चांगलंच केलं तिनं, मी नाही म्हणत नाही. गावातली निम्मी पोरं तिच्यामुळे वाचायला लागली. पण तेच. तिच्याच खुर्चीत, तिच्याच खिडकीत, म्हातारी होईपर्यंत. आणि मी रोज काचेतून बघणार की पोर परत आली खरी, पण माझ्यासाठी नाही आली.

तर हे बघ, मी काही थोर बाई नाही. हे पत्र मी तुझ्या भल्यासाठी लिहितेय की तू त्या बाईच्या हाकेवर आलेली मला बघवणार नाही म्हणून लिहितेय, ते माझं मलाच कळत नाही. दोन्ही असेल. एक मेलं दुसऱ्यातून वेगळं काढता येत नाही. तिचे केस मात्र मी असे केलेत की बघत राहशील. दोन्ही कान सारखे. तिनं आरशात मान इकडून तिकडे वळवून बघितली आणि म्हणाली, "तुमच्या हातात काय आहे हो!" आणि मला तेव्हाही जळायला एक कारण सापडलं, की शनिवारी दार उघडल्यावर तू तिला म्हणशील, "अय्या, किती छान दिसताय!"

तर कारण हे. आज शुक्रवार. सोफियाच्या बसचा ड्रायव्हर बोरिस्लाव हे पत्र घेऊन येतोय, ल्युतेनित्साच्या, त्या भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांच्या खोक्यात वरच ठेवलंय. बस थांब्यावर आधी हेच उघड, बरण्या नंतर. ती उद्याच्या बसने येतेय, म्हणजे तुझ्याकडे एक रात्र आहे विचार करायला, आणि तिच्याआधी माझा शब्द तुझ्या कानावर पडलेला असेल. येऊ नकोस, झोरा. हे मी लिहितेय, मी, तुझी आई, जिनं दर सुट्टीत तुझं डोकं खाल्लं. नाव नोंदव, तिथेच राहा, शीक. उद्या तिला नीट बसव, कॉफी दे, माझ्या बरणीतलं काहीतरी खाऊ घाल. विचारेल तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी येईल, तुझ्याही येईल. तरी नाही म्हण. कसं म्हणायचं ते तुला कुणी शिकवायला नको. मला जशी म्हणत आलीस ना, हसून, गळ्यात पडून, "नाही हो" म्हणून, अगदी तशीच तिलाही म्हण.

तुझीच, आणि दुसऱ्या कुणाची नाही,
आई