खूप बोलून ठेवलंय

३ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा दिवे फडफडले. हातातला पुस्तकाचा फर्मा टाकून आत धावले. गुडघा दाराला आपटला. ह्यांचं कॉम्प्युटरचं मशीन चालू होतं. लाल दिवा जळत होता.

बाइंडिंगचं काम घरी मिळालं तेच बरं. कारखान्यात बसले असते तर सगळा जीव इथे टांगलेला राहिला असता.

५ सप्टेंबर, गुरुवार

जाऊबाई आल्या होत्या. ह्यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, माणूस गेला, त्याचं खेळणं कशाला जागं ठेवलंयस? बटण दाब आणि मोकळी हो.

मी म्हटलं, तुमचा फ्रिज नाही का दिवसरात्र गुरगुरत?

‘फ्रिजमध्ये दूध असतं गं.’

ह्यात काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं — घशाचं ऑपरेशन झालं की आवाज राहणार नाही. त्यानंतर हे आठवडाभर दार लावून कॉम्प्युटरपाशी बसले होते. बाहेर नुसती गुणगुण ऐकू यायची. मला वाटलं, व्हिडिओ कॅसेटच्या सुरुवातीला नावं टाकायचं नेहमीचं काम उरकतायत. ऑपरेशननंतर दवाखान्यात पाटी मागितली आणि खडूने लिहिलं — ‘खूप बोलून ठेवलंय. मशीनमध्ये. बंद करू नकोस. घरी आलो की ऐकवतो.’

घरी आले नाहीत.

पाटी कपाटावर आहे. वर काच बसवून घेतली. खडू पुसतो म्हणून.

८ सप्टेंबर, रविवार

मशीनबरोबर आलेलं जाड पुस्तक वाचते आहे. इंग्रजी. अक्षरं लावता येतात, अर्थाला शब्दकोश. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं घड्या घालता घालता वाचली. एक फर्मा, सोळा पानं. त्यामुळे मला कितीतरी गोष्टींचे मधलेच तुकडे माहीत आहेत, शेवट नाहीत. हे हसायचे त्याला.

एका पानाच्या कडेला ह्यांची पेन्सिलीची रेघ सापडली. शब्द सगळे लावले, गोष्ट लागेना. टीव्ही दुरुस्तीवाल्या भाऊजींना निरोप दिला. ह्यांचे जुने मित्र. आवाज आत घ्यायची ती छोटी डबी त्यांनीच आणून दिली होती.

१० सप्टेंबर, मंगळवार

भाऊजी आले. ह्यांच्या खुर्चीत बसेनात. स्टूल घेतलं.

पडद्यावर एक छोटं चित्र आहे, फ्लॉपीचं, खाली माझं घरातलं नाव. ते म्हणाले, वहिनी, ही फ्लॉपी नाहीच. मशीनच्या मेमरीतच थोडी जागा अडवून केलेली डिस्क. रॅम डिस्क म्हणतात, पुस्तकात रेघ आहे ती हिच्याच पानावर. फ्लॉपीपेक्षा कितीतरी पटीने झटपट. साधी असती तर मशीन पुन्हा सुरू केल्याबरोबर पुसली गेली असती. ही टिकते. मशीन अडकलं, तीन बटणं एकदम दाबली, सगळं नव्याने सुरू झालं, तरी आत ठेवलेलं परत मिळतं.

‘आणि वीज गेली तर?’

‘झोप मोडलेली चालते हिला. जीव जाता कामा नये.’

मग सांगितलं, वीज तुटून मशीन गार पडलं आणि पुन्हा सुरू झालं तर खाचेतल्या फ्लॉपीवरून जुना माल आपोआप तिच्यात भरला जातो. ह्यांनीच तशी सोय केली होती. नवं जे काही आत टाकलं असेल, ते मात्र फक्त विजेवर जगतं.

मी म्हटलं, मग फ्लॉपीवर उतरवून द्या की. तेच तर होत नाही म्हणाले. फ्लॉपीची खाच वाचते, पण लिहीत नाही. ती डबी आणून दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बिघडली. ह्यांनी त्यांना सांगितलं होतं, ऑपरेशन होऊ दे, मग बघ. दुरुस्त करायची तर मशीन बंद करावं लागतं.

मग त्यांनी ते चित्र उघडलं. नावांची रांग. बाकी सगळी व्हिडिओची जुनी नक्षी आणि अक्षरं. आवाज एकच. तारखांवरून काही कळेना, ह्या मशीनला घड्याळच नाही.

‘लावू?’

ह्यांचा आवाज आला. मशीनला जोडलेल्या टीव्हीतून, जरा खरखरीत. ‘एक, दोन, तीन. ऐकू येतंय का? अगं, दोन कप चहा ठेव.’

संपलं.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. भाऊजी हातातली वायर उलगडत आणि गुंडाळत राहिले. चहा न घेताच गेले.

११ सप्टेंबर, बुधवार

रात्रभर विचार केला. खूप बोलून ठेवलंय म्हणाले आणि एवढंच? मग हसू आलं. लग्न ठरवायला आले तेव्हाही हा माणूस सगळा मिळून चार शब्द बोलला होता. ह्यांचं ‘खूप’ हे एवढंच असणार.

आणि दोन कप. एक ह्यांचा, एक माझा. आवाज जायच्या आधी माणसाने ठेवावं तरी काय आणखी?

१४ सप्टेंबर, शनिवार

रोज एकदाच ऐकते. काम संपल्यावर, हाताची खळ धुऊन. आज दोनदा ऐकलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

जिन्याखाली कागद डकवलाय. रविवारी तारांचं काम, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज बंद.

वीज कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, आमचं एक घर वगळता येईल का? त्याने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का, मशीनवर? मी हो म्हटलं. कोण आहे विचारल्यावर रांगेतून बाहेर पडले. तशीच परत आले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

भाऊजींनी तोड काढली. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि आवाज कॅसेटवर उतरवायचा. खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला, दोघंही श्वास धरून बसलो. ‘दोन कप चहा’ म्हणून होतंय तोच खालच्या मजल्यावरच्या मावशी दार ढकलून आत. ‘कोण गं बोलतंय? भाऊ का?’ ह्यांना त्या भाऊच म्हणायच्या.

तेही उतरलं कॅसेटवर. मावशी मटकन जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडेच होती, कुंड्यांना पाणी घालायला. ह्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया.

भाऊजी म्हणाले, पुन्हा घेऊ या. मी म्हटलं, राहू दे. कॅसेट ती कॅसेट. खरे हे आत आहेत.

भाऊजी काहीतरी बोलणार होते. मग टेपरेकॉर्डर आवरायला लागले.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी वीज जायच्या आधी शेवटचं ऐकलं. मग खुर्ची ओढून समोर बसले. दवाखान्यात शेवटी मी बाहेर औषधाच्या रांगेत होते. म्हटलं, ह्या वेळेला तरी जवळ असावं.

पडदा मिटला. लाल दिवा गेला. दिवसभर मावशी येऊन-जाऊन बसत होत्या. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी वीज आली. मशीन आपणहून जागं झालं. खाच बराच वेळ कुरकुरली. आणि पडद्यावर माझं नाव! लावलं. — ‘एक, दोन, तीन. ऐकू येतंय का? अगं, दोन कप चहा ठेव.’ मावशींना मिठी मारली. दोघी वेड्यासारख्या हसलो.

नंतर. मावशी गेल्यावर ताट धुताना हात थांबले. वीज गेली की जायला हवं होतं. गेलं नाही. म्हणजे ते विजेवर नव्हतंच, फ्लॉपीवर होतं. आणि ह्यांनी आठवडाभर दार लावून जे केलं, ते फ्लॉपीवर उतरतच नव्हतं.

म्हणजे मी ऐकते आहे ते हे नव्हे.

२३ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच भाऊजींच्या फळीपाशी उभी राहिले. एकच विचारलं, हे कधीचं आहे?

त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

‘डबी आणून दिली त्या दिवशीचं. चालते का बघत होतो आम्ही. तो दुसरा कप माझा होता, वहिनी.’

पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखलं होतं त्यांनी. तुमचा चेहरा बघून जीभ उचलली नाही म्हणाले. बाकीचं कुठे गेलं, विचारलं. मशीन मध्येच कधीतरी गार पडलं असणार, म्हणाले. मी म्हटलं, शक्य नाही. दवाखान्यातून आले तेव्हा दिवा जळत होता. त्या दिवसापासून मी डोळ्यात तेल घालून बसले आहे.

परतताना मी दोनदा रस्ता चुकले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मावशी आल्या. अजून रविवारच्याच आनंदात. म्हणाल्या, मला ठाऊकच होतं परत येणार ते. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाही तुमच्या घराचा फ्यूज उडाला होता की. पाणी घालायला आले तर ह्या मशीनचा दिवा विझलेला. म्हटलं, भाऊ येतील, बंद बघतील, जिवाला लावून घेतील. वायरमनला हाताला धरून आणला. दिवा लागला तेव्हा कुठे घरी गेले.

‘काही बिघडलं नव्हतं ना गं तेव्हा?’

नाही, म्हटलं. बरं केलंत.

दोन कप चहा ठेवला.